बातम्यांची खिडकी रुंद झाली!

बालमित्रांनो, आज एक छोटंसं काम करा. घरातला टीव्ही बंद असताना त्याच्यासमोर उभे राहा आणि आईची शिवणकामाची टेप घेऊन पडद्याची मापं घ्या. भोवतालची काळी चौकट धरू नका, चित्र जेवढ्या भागात दिसतं तेवढाच भाग मोजा. मग रुंदीला उंचीने भागा. उत्तर १.७७ किंवा १.७८ च्या आसपास आलं ना? आता शेजारच्या काकूंचा टीव्ही मोजा, मामाच्या गावचा मोजा. टीव्ही लहान असो की भिंतभर मोठा, उत्तर जवळजवळ तेच येईल. म्हणजे पडद्याची उंची ९ भाग असेल, तर रुंदी १६ भाग. याला म्हणतात १६:९, सोळास नऊ.

पण तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी हे उत्तर वेगळं यायचं बरं का! तेव्हाचा टीव्ही म्हणजे एक जाडजूड खोकं. त्याची रुंदी ४ भाग, तर उंची ३ भाग. भागाकार केला, तर १.३३. त्यांना विचारा, ते सांगतील. त्या खोक्यात संध्याकाळी बातम्या लागायच्या. निवेदक किंवा निवेदिका मधोमध बसलेली, मागे साधा पडदा, आणि तेवढ्यानेच चित्र भरून जायचं.

मग ही खिडकी रुंद झाली कशी? आणि बातम्या दाखवणाऱ्यांना ती रुंद करताना इतकी पंचाईत का झाली? ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

चारास तीन आलं कुठून?

त्यासाठी टीव्हीच्याही मागे जावं लागेल. अमेरिकेत थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा तंत्रज्ञ होता. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो हलती चित्रं टिपण्याच्या खटपटीत होता. त्याने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली. तिच्या दोन्ही कडांना दातेरी चाकात अडकण्यासाठी भोकं पाडली. एका चित्राला चार भोकांची उंची दिली. अशा रीतीने एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच असं चित्र तयार झालं. एकास पाऊण म्हणजेच चारास तीन! पुढे जगभरचा सिनेमा याच मापावर उभा राहिला.

नंतर आला टीव्ही. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ या दिवशी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून दूरचित्रवाणीचे नियमित कार्यक्रम सुरू केले. त्या वेळचं चित्र तर जवळजवळ चौरसच होतं, पाचास चार. १९५० मध्ये बीबीसीने ते चारास तीन केलं. टीव्हीतली काचेची नळी तेव्हा गोल तोंडाची असायची. आता विचार करा, गोल ताटात कागद ठेवायचा आहे. लांबट पट्टी ठेवली, तर ताटाची वरची-खालची बरीच जागा वाया जाते. चौरसासारखा कागद ठेवला, तर ताट छान भरतं. म्हणून चौरसाच्या जवळचा आकार त्या नळीला सोयीचा होता.

टीव्ही घरोघर आला आणि सिनेमावाले घाबरले. लोक घरीच बसून चित्रं बघू लागले, तर थिएटरात येणार कोण? मग त्यांनी ठरवलं, घरी दिसणार नाही असं काहीतरी दाखवायचं. १९५३ साली अमेरिकेत ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. पडदा उंचीच्या अडीचपट रुंद! आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’ काढला. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. म्हणजे गंमत बघा, सिनेमाकडून टीव्हीने आकार घेतला आणि टीव्हीच्या धाकाने सिनेमाने आपला आकार बदलला.

आणि सोळास नऊ?

आता तुमच्या गणिताच्या वहीची गरज आहे. जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जास्त स्पष्ट आणि रुंद टीव्हीवर संशोधन सुरू केलं. त्यांचा सुरुवातीचा आकार होता पाचास तीन. पण जगात चित्रपटांचेच इतके वेगवेगळे आकार झाले होते, की कोणाचा आकार खरा मानायचा?

अमेरिकेतले एक अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी १९८० नंतरच्या दशकात एक सोपी युक्ती केली. त्यांनी निरनिराळ्या चित्रपटांच्या आकारांचे आयत कापले. सगळ्यांचं क्षेत्रफळ मात्र सारखंच ठेवलं. मग ते एकावर एक असे ठेवले, की सगळ्यांचा मध्यबिंदू एक होईल. त्या सगळ्या आयतांना पोटात घेणारा बाहेरचा मोठा आयत काढला. त्याचं प्रमाण आलं साधारण १.७७. सगळ्यांना सामाईक असलेला आतला आयत काढला, तर त्याचंही प्रमाण तेच!

आणखी एक मजा करून बघा. ४ ला ४ ने गुणा. ३ ला ३ ने गुणा. काय आलं? १६ आणि ९! पुन्हा एकदा तसंच करा. १६ ला ४ ने गुणा, ९ ला ३ ने गुणा. आले ६४ आणि २७. आता ६४ ला २७ ने भागा. उत्तर साधारण २.३७, म्हणजे जवळजवळ सिनेमास्कोपच्या पडद्याएवढं. सोळास नऊ हा आकार जुना टीव्ही आणि रुंद सिनेमा यांच्या बरोबर मधे बसलेला आहे. दोन भावंडांच्या भांडणात मधला भाऊ समेट करतो ना, तसाच हा.

बातम्यांची पंचाईत

ब्रिटनमध्ये १९९८ साली डिजिटल टीव्ही सुरू झाला आणि रुंद चित्रं घरांत येऊ लागली. नाटक किंवा मालिका रुंद करणं त्यामानाने सोपं. नवा कॅमेरा आणला, नवं चित्रीकरण केलं, की झालं. पण बातम्यांचं तसं नसतं.

एका बातमीपत्रात किती ठिकाणची चित्रं येतात, मोजून बघा. निवेदक स्टुडिओत बसलेला असतो. बातमीदार दुसऱ्या शहरात उभा असतो. पुराचं चित्र तिसऱ्याच देशातल्या वृत्तसंस्थेने पाठवलेलं असतं. मधेच वीस वर्षांपूर्वीचं एखादं जुनं चित्र लागतं. यातला एक कॅमेरा नवा आणि पाच जुने असले, तर बातमीपत्रात चित्र सारखं रुंद-अरुंद होत राहणार. म्हणून कॅमेरे, संकलनाची यंत्रं, उपग्रहाच्या गाड्या, स्टुडिओचं टेबल, मागची भिंत, अक्षरांच्या पट्ट्या असं सगळंच बदलावं लागतं. आणि बातम्या तर रोज द्यायच्याच असतात. ‘दुरुस्तीसाठी बातम्या महिनाभर बंद’ असा बोर्ड लावता येत नाही!

दुसरी पंचाईत प्रेक्षकांची. नवा रुंद टीव्ही घेतलेली घरं थोडी, जुना खोकेवाला टीव्ही असलेली घरं पुष्कळ. दोघांनाही बातमी नीट दिसली पाहिजे. रुंद चित्र जुन्या टीव्हीवर दाखवायचे तीन मार्ग होते.

पहिला मार्ग, चित्र पूर्ण दाखवायचं. मग वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. हिशेब केलात, तर पडद्याचा पाव भाग काळाच राहतो. लोक म्हणणार, ‘आम्ही पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत, मग चित्र अर्धवट का?’

दुसरा मार्ग, दोन्ही बाजू कापून फक्त मधला भाग दाखवायचा. १६ भागांपैकी मधले १२ ठेवायचे, डावीकडचे २ आणि उजवीकडचे २ टाकून द्यायचे. पण कापलेल्या बाजूला कोणी बोलत असेल तर? नुसतं नाक दिसेल आणि माणूस गायब!

तिसरा मार्ग, चित्र चिमटून बसवायचं. मग सगळी माणसं काडीसारखी उंच आणि बारीक दिसतात.

मधला मार्ग

ब्रिटनमध्ये यावर तोडगा काढला तो असा. रुंद चित्राच्या दोन्ही बाजूंचा फक्त एकेक भाग कापायचा. १६ मधून २ गेले, राहिले १४. म्हणजे चौदास नऊ. हे चित्र जुन्या टीव्हीवर दाखवलं, की वर-खाली अगदी बारीक काळ्या पट्ट्या येत. त्या फारशा कोणाला खुपत नसत.

पण त्यामुळे कॅमेरामनचं काम वाढलं. त्याच्या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायची जी खिडकी असते, तिच्यात रेषा आखलेल्या असत. महत्त्वाचं जे काही असेल, ते त्या रेषांच्या आतच ठेवायचं. माणसाचा चेहरा आत, बोलणाऱ्याचं नाव आत. रेषेच्या बाहेर झाड, भिंत, आकाश असं काहीही चालेल. म्हणजे बिचाऱ्याला एकाच वेळी दोन चित्रं काढायची होती, रुंद टीव्हीवाल्यांसाठी एक आणि जुन्या टीव्हीवाल्यांसाठी दुसरं. एकाच पोळीत दोघांचे डबे भरण्यासारखं झालं हे!

वेगवेगळ्या वाहिन्यांनी हा बदल वेगवेगळ्या वेळी केला. अमेरिकेत एनबीसीचं रात्रीचं राष्ट्रीय बातमीपत्र मार्च २००७ पासून हाय डेफिनिशनमध्ये, म्हणजे जास्त स्पष्ट आणि रुंद दिसू लागलं. बीबीसीची जगभर दिसणारी वृत्तवाहिनी जानेवारी २००९ मध्ये सोळास नऊ झाली, आधी युरोपात आणि मग आशियात. ब्रिटनमध्ये रुंद टीव्ही येऊन तोवर दहा वर्षं झाली होती. जगभरातल्या घरांत, हॉटेलांत आणि कार्यालयांत दिसणारी वाहिनी बदलायची, तर सगळ्यांचा विचार करावा लागतो. पुढे मार्च २०१३ मध्ये बीबीसीचा बातमी विभाग लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमधल्या नव्या स्टुडिओंत आला.

रुंद खिडकीमुळे बातमीपत्राचं रूपही बदललं. पूर्वी निवेदक मधोमध बसला, की जागा संपली. आता त्याच्या शेजारी भलामोठा नकाशा मावतो. दोन निवेदक ऐसपैस बसतात. दिल्लीचा पाहुणा आणि लंडनचा पाहुणा दोन चौकटींत शेजारी शेजारी दिसतात. आणि हो, तुम्ही बघता त्या भांडाभांडीच्या चर्चांत एकदम सहा-आठ जण दिसतात, तेही या रुंद खिडकीचंच देणं!

आजीआजोबांचं काय?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनने जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण एका दिवसात बंद केलं नाही. २००७ मध्ये व्हाइटहेवन नावाच्या छोट्या गावापासून सुरुवात केली आणि एकेक भाग करत ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शेवट केला. ज्यांचं वय ७५ किंवा त्याहून जास्त आहे, ज्यांना अपंगत्व आहे, अशांसाठी मदतीची खास योजना होती. नवी पेटी घरात जोडून द्यायची, ती कशी वापरायची ते समजावून सांगायचं, अशी ती मदत. एखाद्या म्हाताऱ्या आजींना नवं रिमोट कळलं नाही, म्हणून त्यांच्या बातम्या बंद पडाव्यात का? वादळाचा इशारा, दवाखान्याची बातमी, निवडणुकीची तारीख हे सगळं बातम्यांतूनच कळतं. नवं यंत्र येतं तेव्हा ते वापरता न येणाऱ्यांचाही विचार करायचा असतो. तुमच्या घरातल्या आजींना नवं रिमोट कोणी समजावून दिलं, जरा आठवून बघा. बहुतेक तुम्हीच असाल!

गोल चेहरे आणि लांब चेहरे

आता एक ओळखीची गोष्ट. आपल्याकडे पातळ, रुंद टीव्ही घरांत आले, तेव्हा बऱ्याच वाहिन्या अजून चारास तीनच होत्या. मग काय व्हायचं? कडेच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून अनेक घरांत चित्र ताणून लावलं जायचं. १२ भाग रुंदीचं चित्र १६ भागांवर ताणलं, की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने जास्त रुंद होते. सडपातळ निवेदिका गुटगुटीत दिसते. क्रिकेटचा चेंडू आडव्या अंड्यासारखा दिसतो. आणि गंमत म्हणजे काही दिवसांनी ते कोणाला खटकेनासंही होतं!

उलटंही होतं. साध्या डिजिटल प्रक्षेपणात चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. चित्र चारास तीन असो की सोळास नऊ, ठिपके तेवढेच. म्हणून रुंद चित्र आधी बाजूंनी चिमटून त्याच ठिपक्यांत बसवतात आणि टीव्ही ते पुन्हा पसरवतो. गादीची वळकटी करून पाठवावी आणि घरी गेल्यावर उलगडावी, तसंच. चित्राबरोबर एक गुप्त खूणही जाते, ‘हे रुंद आहे, उलगडा’ किंवा ‘हे चारास तीन आहे, तसंच ठेवा’. ही खूण चुकली, की सगळा घोटाळा!

चित्र बिघडलंय हे ओळखायचं कसं? याची युक्ती बीबीसीच्या एका प्रसिद्ध चित्रात आहे. १९६७ पासून बीबीसी कार्यक्रम नसताना एक चाचणी-चित्र दाखवायची. त्याच्या मधोमध मोठं वर्तुळ आणि वर्तुळात एक छोटी मुलगी विदूषकाची बाहुली जवळ घेऊन फळ्यावर फुल्ली-गोळ्याचा खेळ खेळत बसलेली. तिचं नाव कॅरोल हर्सी. तिचे वडील जॉर्ज हर्सी हे बीबीसीत अभियंता होते, त्यांनीच हे चित्र तयार केलं. फळ्यावरची एक फुल्ली बरोबर पडद्याच्या मध्यावर यायची. वर्तुळ गोल दिसलं, म्हणजे टीव्ही ठीक. ते अंड्यासारखं दिसलं, तर दुरुस्तीवाल्याला बोलवा! १९९९ मध्ये रुंद टीव्हीसाठी या चित्राचीही रुंद आवृत्ती निघाली. मुलगी तीच, बाहुली तीच, फक्त कडेची जागा वाढली. वर्तुळ मात्र गोलच ठेवलं.

तुम्हीही हीच युक्ती वापरा. बातम्यांत एखादं घड्याळ, गाडीचं चाक किंवा चेंडू दिसला, की तो गोल आहे का बघा.

जुन्या चित्रांचं काय करायचं?

रुंद झालेल्या बातम्यांपुढे सगळ्यात अवघड प्रश्न आहे तो जुन्या चित्रांचा. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, ते चित्र चारास तीन. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटीलही होत्या. ती चित्रं चारास तीन. ही चित्रं आज दाखवायची, तर कशी?

कडेला काळ्या पट्ट्या ठेवून दाखवली, तर चित्र पूर्ण आणि खरं राहतं. ताणून दाखवली, तर माणसं खोटी दिसतात. वरचा-खालचा भाग कापून रुंद केली, तर पडदा छान भरतो, पण पाव चित्र नाहीसं होतं. त्या पाव भागात काय होतं? कदाचित नुसतं आकाश. कदाचित मोर्चातल्या माणसाच्या हातातला फलक, ज्यावर त्याचं म्हणणं लिहिलेलं होतं! पडदा भरला, पण त्या माणसाचं बोलणं गेलं. म्हणून जुनं चित्र दाखवताना काळ्या पट्ट्या दिसल्या, तर वैतागू नका. पट्ट्या ठेवणाऱ्याने त्यातलं काही कापलेलं नाही, असं समजा.

एक प्रयोग

आमच्या वर्गात मुलांनी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. दोन पुठ्ठे घ्या. एकाला १२ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच खिडकी कापा. दुसऱ्याला १६ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच. दोन्ही डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर धरून समोर बघा आणि जे दिसतं त्याची दोन ओळींची बातमी लिहा.

मधल्या सुट्टीत मुलांनी व्हरांड्यातून मैदान पाहिलं. छोट्या खिडकीतून पाहणाऱ्या मुलाने लिहिलं, ‘एक मुलगी भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी आहे. बहुतेक ती रडते आहे. तिला कोणी खेळायला घेत नाही.’ मोठ्या खिडकीतून पाहणाऱ्या मुलीने लिहिलं, ‘लपाछपी चालू आहे. एका मुलीवर राज्य आहे. दोन मुलं कडुलिंबामागे लपली आहेत.’

मैदान एकच आणि मुलगीही तीच, पण बातम्या किती वेगळ्या! पहिल्या मुलाने मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या खिडकीत कडुलिंब मावला नव्हता, एवढंच. पण म्हणून मोठ्या खिडकीत सगळं दिसलं असंही नाही. पाण्याच्या टाकीमागे आणखी एक मुलगा लपला होता, तो दोघांनाही दिसला नाही. घंटा झाली, तेव्हा तो हसत हसत बाहेर आला.

बातम्यांचंही तसंच असतं. खिडकी चारास तीन असो की सोळास नऊ, कोणीतरी ती कुठेतरी धरलेली असते. मोर्चात दहा माणसं आहेत की दहा हजार, हे कॅमेरा किती जवळ धरला त्यावर ठरू शकतं. आता तर मोबाईल उभा धरून बातम्या टिपल्या जातात. म्हणजे नवास सोळा! ते उंच, अरुंद चित्र टीव्हीवर दाखवताना कडेला तेच चित्र पुसट करून भरतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. इतकी धडपड करून रुंद केलेली खिडकी, आपणच पुन्हा अरुंद केली की नाही!

म्हणून बातम्या बघताना मनात तीन प्रश्न विचारायची सवय लावा. पहिला, गोल वस्तू गोल दिसते आहे का? दुसरा, हे चित्र कापलेलं किंवा ताणलेलं असेल का? तिसरा, कॅमेरा थोडा डावीकडे किंवा उजवीकडे वळला असता, तर काय दिसलं असतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीवर मिळेलच असं नाही. मग दुसरी वाहिनी लावा, सकाळचं वर्तमानपत्र वाचा, आई-बाबांशी बोला. पालकांनाही विनंती, की मुलांनी बातम्यांच्या मधेच प्रश्न विचारला, तर ‘गप्प बस, ऐकू दे’ म्हणू नका. आवाज थोडा कमी करा आणि दोघं मिळून उत्तर शोधा.

बरं, टेप सापडली का? मग उठा, पडदा मोजा आणि पुठ्ठ्याच्या खिडक्या कापायला लागा. कात्री मात्र जपून हं!